मदत हवी आहे : आत्याच्या घराचा संपत्ती कर आणि स्वतः राहण्याची सूट (इंदूर)

आत्या 78 वर्षांची, रामबागेतल्या जुन्या घरात एकटी राहते. घर काकांच्या (आत्याच्या यजमानांच्या) नावावर आहे. ते गेले त्याला चार वर्षं झाली, नामांतरण (पालिकेच्या नोंदीत मालकाचं नाव बदलणं) आमच्याच आळसामुळे राहिलं.

मध्य प्रदेशात मालक स्वतः राहत असेल तर संपत्ती करात 50 टक्के सूट आहे. पण तिच्या बिलात पुढची खोली अजून दुकान म्हणूनच लागते. तिथे शिंपी बसायचा. तो दोन वर्षांपूर्वी गेला, आता तिथे आत्याचा पलंग आहे, कारण तिला जिना चढवत नाही. शटर मात्र तसंच आहे, आणि बहुधा घोडं तिथेच अडतंय.

आतापर्यंत बिल भरलेलं आहे, थकबाकी नाही. मृत्यूचा दाखला, रजिस्ट्री, वीजबिल आहे. मृत्युपत्र नाही. वारस आत्या आणि एक मुलगा, तो पुण्यात; हरकत नाही असं लिहून द्यायला तयार आहे.

रिव्हर्स मॉर्गेज (राहतं घर बँकेकडे गहाण ठेवून पैसे घेणं) कृपया सुचवू नका. साठीनंतर मिळतं आणि हाती येणाऱ्या रकमेवर आयकर नाही, हे माहीत आहे. पण ‘गहाण’ शब्द ऐकताच आत्या चहा अर्धा टाकून उठली.

इंदुरात हे कुणी अलीकडे केलं असेल तर सांगा: नामांतरण होईपर्यंत थांबावं लागतं, की वापर बदलल्याचा अर्ज आत्या वारस म्हणून आधीच देऊ शकते? आणि पाहणीला माणूस येण्याआधी शटर काढून भिंत घालणं गरजेचं आहे का?