मदत हवी आहे: प्रोस्टेट फक्त ३८ ग्रॅम, तरीही शस्त्रक्रिया कशासाठी?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझे वडील ७२ वर्षांचे असून वाई तालुक्यातील आमच्या गावी राहतात. मी नोकरीनिमित्त नाशिकला असतो. मागील सोमवारी रात्री त्यांची लघवी पूर्ण तुंबली, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी नेऊन नळी घालावी लागली. तीन दिवसांनी नळी काढली, तर सहा तासांत पुन्हा तोच प्रकार झाला आणि पुन्हा नळी घातली. साताऱ्याचे मूत्रविकारतज्ज्ञ आता दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करा असे सांगत आहेत. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३८ ग्रॅम आहे. माझ्या सासऱ्यांचे प्रोस्टेट ७५ ग्रॅम असून ते चार वर्षे रोजच्या एका गोळीवर उत्तम आहेत. मग निम्म्या आकाराच्या ग्रंथीसाठी शस्त्रक्रिया कशाला? गोळ्यांनी भागेल की नाही, एवढेच कृपया सांगावे. शुक्रवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचे आहे.

रुग्णसेवा३२:
मी मूत्रविकार विभागात ३२ वर्षे परिचारिका होते. आपण ग्रंथीचे वजन सांगितले, परंतु मूत्राशयाविषयी काहीच सांगितले नाही. पहिल्यांदा नळी घातली तेव्हा पिशवीत किती लघवी जमा झाली? सोनोग्राफीत मूत्रपिंडांविषयी काय लिहिले आहे? रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की वाढणारा घटक) किती आहे? मधुमेह आहे का? तुंबण्यापूर्वीच्या महिन्यांत त्रास होता का, आणि त्या आठवड्यात कोणते नवे औषध घेतले होते का?

घाटमाथा:
मी स्वतः या शस्त्रक्रियेतून गेलो आहे. माझे प्रोस्टेट ४१ ग्रॅम होते आणि मीही दोन वर्षे ‘लहान तर आहे’ म्हणत दिवस ढकलले. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी नळी निघाली. पंधरा दिवसांनी आतील खपली सुटताना लघवीत पुन्हा रक्त दिसले, तेव्हा घरचे घाबरले. परंतु भरपूर पाणी प्यायल्यावर दोन दिवसांत ते थांबले. आता रात्री एकदाच उठतो. माझे स्पष्ट मत आहे की वाट पाहू नये.

हिरवी_मुळी:
शस्त्रक्रियेची इतकी घाई नसावी. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या, प्रकारांत वाताष्ठीलेचे (लघवीचा मार्ग अडवणाऱ्या गाठीचे) वर्णन आले आहे, म्हणजे हा विकार आपल्याकडे प्राचीन काळापासून ओळखला गेला होता. गोखरू आणि वरुणाची साल यांच्या काढ्याने माझ्या काकांची लघवीची धार सुधारली. चाळीस दिवस काढा देऊन पाहावा आणि मग निर्णय घ्यावा.

रुग्णसेवा३२:
आपल्या काकांना नळी घालावी लागली होती का? धार बारीक होणे आणि लघवी पूर्ण तुंबणे या दोन्हींत फार अंतर आहे. सौ पाल्मेटो नावाच्या वनस्पतीचीही अशीच ख्याती होती, परंतु २००६ आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचण्यांत ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

हिरवी_मुळी:
सौ पाल्मेटो ही वेगळी वनस्पती आहे; तिच्या निकालावरून गोखरूला नाकारणे शास्त्रीय ठरत नाही. मात्र काकांना नळी लागली नव्हती, हे मान्य करतो.

कृष्णाकाठ:
मी गोळ्यांविषयी विचारले होते. मधुमेहाचा येथे काय संबंध आहे, हे मला समजलेले नाही. तरी सर्व कागद पाहून लिहितो. मधुमेह १४ वर्षांपासून आहे. पहिल्यांदा नळी घातली तेव्हा ११०० मिलिलिटर लघवी निघाली. क्रिएटिनीन २.१ आहे. दोन्ही मूत्रपिंडांना किंचित सूज आहे आणि मूत्राशयाची भिंत जाड झाल्याचे लिहिले आहे. आदल्या दोन दिवसांत त्यांनी दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून घेतल्या होत्या. आईला विचारल्यावर कळले की दोन वर्षांपासून ते रात्री चार-पाच वेळा उठतात आणि सहा महिन्यांपासून झोपेत त्यांचे कपडे ओले होत होते. ‘वय झाले, आता असेच चालायचे’ असे सांगून त्यांनी तिला माझ्यापाशी बोलू दिले नाही. आठ महिन्यांपूर्वीची एक सोनोग्राफीही फाइलमध्ये सापडली. लघवी केल्यानंतर मूत्राशयात ३१० मिलिलिटर शिल्लक असल्याची नोंद तिच्यात आहे. ती पोटदुखीसाठी काढली होती, आणि या ओळीकडे कोणीच लक्ष दिले नाही. मीही नाही.

रुग्णसेवा३२:
आपण हे सर्व लिहिलेत, ते फार बरे झाले, कारण आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते, त्यामुळे ते किती वाढले यापेक्षा कोणत्या दिशेने वाढले याला अधिक महत्त्व आहे. बाहेरच्या बाजूने वाढलेले ७५ ग्रॅमचे प्रोस्टेट मार्ग मोकळा ठेवू शकते आणि मधला भाग मूत्राशयात घुसलेले ३८ ग्रॅमचे प्रोस्टेट झडपेसारखे तोंड बंद करू शकते. म्हणून सासऱ्यांच्या वजनाशी वडिलांच्या वजनाची तुलना करून काही हाती लागणार नाही.

मूत्राशय हा स्नायूंचा पिशवीवजा अवयव आहे. पुढे अडथळा आला की तो अधिक जोर लावतो आणि अधिक जोर लावून त्याची भिंत जाड होते. या काळात तो चिडखोर बनतो, थोड्याशा लघवीनेही आकुंचन पावतो, म्हणून माणूस रात्री पुन्हा पुन्हा उठतो. पुढे स्नायू थकतो. मग प्रत्येक वेळी थोडी लघवी मागे राहते आणि हळूहळू वाढत जाते. साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर मावणाऱ्या मूत्राशयात ११०० मिलिलिटर साठले होते, याचा अर्थ तो सोमवारच्या एका रात्रीत ताणलेला नाही, अनेक महिने ताणला जात होता. झोपेत कपडे ओले होत होते, ते भरलेल्या हंड्यातून पाणी ओसंडावे तसे होते. आतील दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला, म्हणून तेथे सूज आली आणि क्रिएटिनीन वाढले. सर्दीच्या अनेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असते. पहिल्याने मूत्राशयाचे तोंड आवळते, दुसऱ्याने स्नायूचा जोर कमी होतो. आधीच काठोकाठ आलेल्या मूत्राशयाला तेवढे निमित्त पुरले असावे.

गोळीवर_सुखी:
म्हणजे दोष सर्दीच्या गोळ्यांचा निघाला. मग टॅमसुलोसिन चालू करून नळी पुन्हा काढून पाहणे हाच योग्य मार्ग नाही का? मी आठ वर्षे याच गोळीवर आहे.

रुग्णसेवा३२:
मूत्रपिंडे निरोगी असती, तर मीही तेच सुचवले असते. टॅमसुलोसिन तोंडाशी असलेला स्नायू सैल करते आणि त्याचा परिणाम काही दिवसांतच दिसतो. ड्युटास्टेराइड ग्रंथी लहान करते, पण त्यासाठी सुमारे सहा महिने लागतात. वारंवार लघवी तुंबणे आणि अडथळ्यामुळे मूत्रपिंडांवर परिणाम होणे ही शस्त्रक्रियेची मान्य कारणे आहेत, आणि येथे दोन्ही आहेत. कृष्णाकाठ, नळी पहिल्यांदा काढण्यापूर्वी टॅमसुलोसिन दिले होते का?

कृष्णाकाठ:
होय, तीन दिवस दिले होते; तरीही नळी काढल्यावर लघवी पुन्हा तुंबली.

सातारारोड:
पीएसए (प्रोस्टेटमधील प्रथिनाची रक्ततपासणी) तपासले का? सर्वांत आधी कर्करोग नाही ना, हे पाहावे.

घाटमाथा:
लघवी तुंबल्यामुळे आणि नळी घातल्यामुळे पीएसए वाढते. आता तपासले, तर वाढलेला आकडा पाहून घरातील सर्वांची झोप उडेल. मला सहा आठवडे थांबून तपासायला सांगितले होते.

चष्मेवाली_काकू:
तुम्ही विचारले नाही, तरी एक सांगते. टॅमसुलोसिन घेणाऱ्या माणसाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते आधी अवश्य सांगावे, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळ सैल पडून अडचण येते. गोळी थांबवली तरी हा परिणाम पुष्कळ दिवस राहू शकतो.

कृष्णाकाठ:
पुढील महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. आज रात्रीच डॉक्टरांना कळवतो. आपले मनापासून आभार. परंतु मधुमेहाचा प्रश्न राहूनच गेला.

रुग्णसेवा३२:
दीर्घकाळच्या मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा मंदावतात. मूत्राशय भरल्याची जाणीव कमी होते आणि आकुंचनही दुबळे पडते. वडिलांच्या मूत्राशयाची शक्ती अडथळ्याने गेली, मधुमेहाने गेली की दोन्हींनी, हे आत्ताच सांगता येणार नाही. शक्ती फारच कमी उरली असेल, तर मार्ग मोकळा करूनही लघवी पूर्ण होणार नाही आणि दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागेल. म्हणून शुक्रवारी केवळ होकार किंवा नकार देऊ नका. शस्त्रक्रियेपूर्वी नळी काही आठवडे ठेवून मूत्रपिंडांना सावरू द्यावे का आणि मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करावी का, हे दोन प्रश्न विचारा.

घाटमाथा:
माझी अशी कोणतीही तपासणी झाली नव्हती आणि काही बिघडले नाही. या तपासण्यांत विनाकारण दिवस जातात.

रुग्णसेवा३२:
आपल्याला मधुमेह होता का?

घाटमाथा:
नव्हता. ते माझ्या लक्षात आले नाही.

कृष्णाकाठ:
शुक्रवारची भेट झाली. क्रिएटिनीन २.१ वरून १.६ पर्यंत उतरले आहे. डॉक्टरांनी दोन्ही प्रश्न शांतपणे ऐकून घेतले; नळी तीन आठवडे ठेवायची, त्यानंतर दाबाची तपासणी करायची आणि मग शस्त्रक्रियेचा दिवस ठरवायचा, असे निश्चित झाले. मूत्राशय कितपत सावरेल याची हमी देता येणार नाही, असेही त्यांनी सांगितले. ते वडिलांसमोरच सांगितले, हे मला आवडले. आता वडिलांना एकच चिंता आहे, ती म्हणजे नळी आणि पिशवीसह एसटीने साताऱ्याला कसे जायचे.

रुग्णसेवा३२:
निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी आणि नळीला थोडी ढील ठेवून ती मांडीला चिकटपट्टीने नीट बांधावी, म्हणजे चढताना ओढ बसणार नाही. पिशवी कधीही मूत्राशयाच्या वर उचलू नये. मांडीवर ठेवण्याऐवजी गुडघ्याखाली बांधायची लहान पिशवी मिळते, ती धोतराखाली दिसतही नाही. थंडी वाजून ताप आला किंवा पिशवीत लघवी येणे थांबून पोट दुखू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.