वडिलांचे घोरणे: झोपेतच आवाज का येतो?

प्रश्न (येळ्ळूर)

नमस्कार. माझे वडील ५८ वर्षांचे असून भातशेती करतात. ते रात्री सोप्यात झोपतात आणि त्यांच्या घोरण्याचा आवाज माजघरापर्यंत येतो. दिवसभर राबल्यामुळे त्यांना गाढ झोप लागते असे आजी म्हणते, आणि आम्हीही इतकी वर्षे तेच मानत आलो. परंतु हल्ली ते दुपारी बोलता बोलता पेंगतात, सकाळी डोके जड असल्याचे सांगतात, आणि मोटारसायकलवरून बेळगावच्या बाजाराला निघाले की मला धास्ती वाटते. दिवसा ज्या वाटेने श्वास निमूटपणे चालतो, त्याच वाटेने झोपेत एवढा आवाज का यावा आणि उताणे झोपल्यावर तो का वाढावा, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ (निपाणी, निवृत्त विज्ञान शिक्षक)

हा आवाज बहुतेक वेळा नाकात नव्हे, तर घशात तयार होतो. टाळूचा मागचा मऊ भाग, त्याला लोंबणारी पडजीभ, जिभेचे मूळ आणि घशाच्या भिंती यांना हाडाचा आधार नसतो. जागेपणी स्नायूंच्या ताणामुळे ही वाट उघडी राहते. झोप लागली की स्नायू सैलावतात, वाट अरुंद होते, आणि तेवढीच हवा अरुंद वाटेने न्यायची तर तिला वेगाने जावे लागते. वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होत असल्याने सैल भिंती आत ओढल्या जातात, सुटतात आणि थरथरतात. गोठ्यावरची ताडपत्री घट्ट बांधलेली असेल तर वाऱ्यातही गप्प राहते, मात्र दोरी सैल झाली की फडफडू लागते, तसाच हा प्रकार आहे. उताणे झोपल्यावर जीभ स्वतःच्या वजनाने मागे सरकते. मानेभोवतीची चरबी, दारू आणि झोपेच्या गोळ्या यांमुळेही वाट आणखी आखडते. नाक चोंदले असेल तर श्वास जोराने ओढावा लागतो आणि घशाच्या भिंती अधिकच आत खेचल्या जातात. तंबाखूच्या धुळीने चोंदलेली नाके मी आमच्या भागात पुष्कळ पाहिली आहेत.

उत्तर २ (खानापूर)

दादा, आजींचे म्हणणे मीही खरे मानत होते. आमचे यजमान घोरता घोरता एकदम शांत होत, आणि आता बरी झोप लागली असे मला वाटे. प्रत्यक्षात त्या वेळी त्यांचा श्वासच अडलेला असे, आणि थोड्या वेळाने ते गुदमरल्यासारखे दचकून श्वास घेत. एका दवाखान्यात ‘नाकाचे हाड वाढले आहे’ एवढेच सांगून थेंब दिले गेले आणि त्यात आमची दोन वर्षे गेली. पुढे झोपेची तपासणी झाली, तेव्हा दर तासाला ३० हून अधिक वेळा श्वास अडत असल्याचे कळले. आवाजापेक्षा त्या शांततेकडे लक्ष द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ (बेळगाव, कान-नाक-घसा तज्ज्ञ)

ताईंनी नेमके तेच सांगितले आहे. घोरणाऱ्या प्रत्येकाला आजार असतो असे नाही; परंतु झोपेत श्वास किमान १० सेकंद थांबणे किंवा बराच मंदावणे असे प्रकार तासाला ५ किंवा अधिक वेळा होत असतील, तर त्याला अडथळ्याचा स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि ३० पासून पुढे तो तीव्र मानला जातो. प्रत्येक वेळी रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो, म्हणून रात्रभर झोपूनही माणूस दिवसा पेंगतो. अशा रुग्णांत रक्तदाब वाढलेला आढळतो, तोही तपासून घ्या. नाकावरील मुखवट्यातून सौम्य दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडले. आजही मध्यम व तीव्र आजारात तोच मुख्य उपचार आहे, मात्र तपासणीशिवाय ते यंत्र आणू नये. तोपर्यंत वडिलांना कुशीवर झोपवा आणि वाहन चालवू देऊ नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी त्यांच्या उशाशी घड्याळ घेऊन बसलो होतो. ते उताणे असताना अर्ध्या तासात चार वेळा श्वास थांबला, त्यांपैकी एकदा २० सेकंदांहून अधिक. कुशीवर वळवल्यावर आवाजही उतरला. सोमवारी त्यांना तपासणीसाठी बेळगावला नेत आहे, आणि गाडी मी चालवणार आहे.