बेघर माजी सैनिकांसाठीची दोन अनुदाने आणि एकच कर्मचारी: खर्च कसा वाटावा?

ओहायोवासी यांचा प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका मध्यम आकाराच्या सेवाभावी संस्थेत मी काम करते आणि बेघर माजी सैनिकांसाठीच्या कार्यक्रमांची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. इकडे येण्यापूर्वी पुण्यातील एका संस्थेत शासकीय अनुदानांची उपयोगिता प्रमाणपत्रे मी तयार करत असे, त्यामुळे अनुदानाचा हिशेब मला नवीन नाही. तरीही इथल्या दोन अनुदानांची चाल एकमेकांपासून इतकी वेगळी आहे की जाणकारांना विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, असे वाटते.

पहिले अनुदान एसएसव्हीएफ, म्हणजे सपोर्टिव्ह सर्व्हिसेस फॉर व्हेटरन फॅमिलीज. यातून आम्ही माजी सैनिकाच्या कुटुंबाला भाड्याचे घर शोधून देतो, अनामत रक्कम आणि काही महिन्यांचे भाडे थेट घरमालकाला देतो आणि सोबत त्या कुटुंबाचा पाठपुरावा करणारा कर्मचारी, म्हणजे केस मॅनेजर, नेमतो. दुसरे अनुदान जीपीडी, म्हणजे ग्रँट अँड पर डायम. आमचे एक संक्रमण निवासगृह आहे, आणि तिथे राहणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकामागे दररोज ठरावीक दराने पैसे मिळतात. दोन्हींचा पैसा व्हेटरन्स अफेअर्स खात्याकडूनच येतो.

माझ्या अडचणी तीन आहेत. आमचे काही केस मॅनेजर दोन्ही कार्यक्रमांत काम करतात; त्यांचा पगार आजवर अंदाजपत्रकात लिहिलेल्या ६०:४० या प्रमाणात विभागला गेला आहे आणि ते योग्य आहे की नाही याची मला शंका आहे. दुसरे असे की संघराज्य सरकारच्या नव्या नियमांत अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे संस्थेच्या सामाईक कार्यालयीन खर्चाचा, सवलतीचा दर १० वरून १५ टक्के झाला आहे, म्हणून आमच्या वरिष्ठांना एसएसव्हीएफमध्येही १५ टक्के लावायचे आहेत. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे: अर्धे वर्ष सरले तरी एसएसव्हीएफचा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक पैसा खर्च झाला आहे, आणि उरलेला परत घेतला जाईल अशी भीती आहे.

खतावणी यांचे उत्तर

मी अशाच संस्थांचे हिशेब सांभाळतो, म्हणून आधी पगाराविषयी लिहितो. अंदाजपत्रकातील प्रमाण हा पगार विभागण्याचा पुरावा होऊ शकत नाही. संघराज्य अनुदानांच्या सामाईक नियमावलीत, म्हणजे २ सीएफआर २०० मध्ये (सीएफआर हा संघराज्य सरकारचा नियमसंग्रह), पगाराची नोंद प्रत्यक्ष केलेल्या कामावर आधारलेली असावी असे स्पष्ट म्हटले आहे. वर्षभर अंदाजाने नोंद करण्यास हरकत नाही, परंतु नंतर प्रत्यक्ष कामाशी ती ताडून दुरुस्त करावी लागते. तुमच्याकडे ही दुरुस्ती होत नसेल तर गेल्या महिन्यांच्या टाइमशीट आताच काढून बसा, लेखापरीक्षक येईपर्यंत थांबू नका.

प्रत्यक्षात अवघड जागा वेगळीच आहे. एखादा माजी सैनिक तुमच्या निवासगृहात राहत असतो आणि त्याच वेळी एसएसव्हीएफमधून त्याच्यासाठी घर शोधले जात असते. हे नियमाला धरून आहे, कारण संक्रमण निवासगृहातला माणूस अजून बेघरच मानला जातो. प्रश्न इतकाच उरतो की केस मॅनेजरने त्याच्यासोबत घालवलेली दुपार कोणत्या अनुदानावर घालायची. मी कामाचा हेतू पाहतो. निवासगृहात राहतानाचा त्याचा सेवा-आराखडा, तिथले नियम आणि दवाखान्याच्या वेळा यांसाठी बसला असेल तर जीपीडी. घरमालकाला भेटायला, भाड्याचा अर्ज भरायला किंवा घराच्या तपासणीला गेला असेल तर एसएसव्हीएफ. टाइमशीटवर लिहिलेले एचएमआयएसमधील, म्हणजे बेघरांना दिलेल्या सेवांच्या संगणकीय नोंदप्रणालीतील, त्या दिवसाच्या नोंदीशी जुळले पाहिजे, कारण जाणता तपासनीस पहिल्यांदा हे दोन कागद शेजारी ठेवतो. एका अनुदानात पैसे कमी पडले म्हणून तो खर्च दुसऱ्यावर ढकलणे नियमावलीने स्पष्टपणे मना केले आहे. ज्या संस्थेत एका अनुदानाचा पैसा रेंगाळतो आणि दुसऱ्यात ओढाताण असते, तिथे हा मोह हमखास होतो, आणि तुमच्याकडे नेमकी तीच परिस्थिती दिसते. जीपीडीत रिकाम्या खाटेमागे काहीच मिळत नाही, पण रात्रपाळीचा पगार आणि इमारतीचा खर्च मात्र थांबत नाही.

१५ टक्क्यांचे थोडक्यात सांगतो. तो दर १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला हे खरे आहे, परंतु एसएसव्हीएफच्या स्वतःच्या नियमात, म्हणजे ३८ सीएफआर ६२ मध्ये, प्रशासनाचा खर्च एकूण अनुदानाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा अशी मर्यादा आहे आणि कार्यक्रमाच्या व्यवस्थापनाचा सगळा खर्च तिच्यात मोजला जातो. सामाईक नियमावलीतला सवलतीचा दर ही मर्यादा ओलांडू देत नाही. शिवाय १५ टक्के ज्या रकमेवर काढतात, तिच्यातून काही खर्च आधीच वगळलेले असतात, त्यामुळे वरिष्ठांनी मनात धरलेला आकडा तसाही मिळणार नाही. उरलेला भार संस्थेच्या स्वतःच्या देणग्यांतूनच उचलावा लागेल, आणि संचालक मंडळाला तो आकडा वर्षाच्या आरंभीच दाखवलेला बरा.

रेंगाळलेल्या खर्चाबद्दल एकच हिशेबी सूचना करतो. एसएसव्हीएफमधून पैसे मागण्याला तिमाहीवार कमाल मर्यादा आहे: पहिल्या तिमाहीअखेर ३५ टक्के, दुसरीअखेर ६०, तिसरीअखेर ८० आणि शेवटी १००. म्हणजे मागे पडलेला सगळा खर्च एकाच झटक्यात भरून काढण्याची मोकळीकही नसते. म्हणून खतावणीत दिसणाऱ्या खर्चाशेजारी बांधील खर्चाचा वेगळा रकाना ठेवा: ज्या कुटुंबाला पुढचे दोन महिने भाडे देण्याचे ठरले आहे, पण ज्याचे बिल अजून आलेले नाही, ती रक्कम. समजा, भाडे १,१०० डॉलर आहे आणि अशी ४० कुटुंबे आहेत. दोन महिन्यांचे ८८,००० डॉलर बँकेच्या विवरणात कुठेच दिसत नाहीत, पण ते खर्च झाल्यातच जमा असतात. अनेकदा परिस्थिती वाटते तितकी वाईट नसते. व्हेटरन्स अफेअर्स खात्याच्या तुमच्या विभागीय समन्वयकाला हा रकाना दाखवून उरलेल्या महिन्यांचा खर्चाचा आराखडा स्वतःहून पाठवा, कारण न वापरलेला पैसा परत घेण्याचा अधिकार खात्याकडे आहे आणि आराखडा मागवला जाण्याची वाट पाहण्यात काही लाभ नाही.

दारोदार यांचे उत्तर

खतावणी यांनी हिशेबाची बाजू नीट मांडली आहे. मी रस्त्यावरच्या कामाची बाजू मांडते. पैसा रेंगाळण्याचे कारण बहुधा हिशेबखात्यात सापडत नाही, ते घर मिळण्यात सापडते. माणूस पात्र ठरला, नोंदणी झाली, तरी भाडेकरार होईपर्यंत आठवडे जातात, आणि तोवर आर्थिक मदतीच्या रकान्यात शून्यच दिसते. घराची राहण्यायोग्यता तपासावी लागते, भाडे त्या भागातल्या भाड्यांशी तुलना करून वाजवी ठरवावे लागते, आणि हे होईपर्यंत घरमालकाकडे रोख डिपॉझिट घेऊन दुसरा भाडेकरू उभा असतो. आमच्याकडे फरक पडला तो तपासणीसाठी एक कर्मचारी पूर्णवेळ राखून ठेवल्यावर आणि धनादेशावर दोन सह्यांऐवजी ठरावीक रकमेपर्यंत एक सही पुरेशी करून घेतल्यावर. संचालक मंडळाला ते रुचायला वेळ लागला, पण घरमालक मात्र टिकले.

पात्रतेच्या कागदांवरही अकारण वेळ जातो. सेवामुक्तीचा डीडी २१४ दाखला हातात आल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा पायंडा अनेक संस्थांत आहे. व्हेटरन्स अफेअर्सच्या स्क्वेअर्स या संगणक प्रणालीवर माजी सैनिकाच्या पात्रतेची माहिती लगेच मिळते. तिची छापील प्रत फाइलला लावून काम सुरू करता येते. फार वयस्कर माणसांच्या बाबतीत तर दाखल्याची वाट पाहणे निरर्थक ठरू शकते, कारण १९७३ साली सेंट लुइसच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १९६० पूर्वी सेवामुक्त झालेल्या लष्करी सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के जणांची कागदपत्रे गेली.

आता एक मतभेद. खर्च वाढवायचा म्हणून बेघर होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची थकबाकी भरण्याकडे वळू नका. तो पैसा पटकन खर्च होतो, कारण माणूस आधीच घरात असतो, पण रस्त्यावर किंवा निवाऱ्यात असलेला माणूस तिथेच राहतो, आणि अनुदानाच्या अटींतही जलद पुनर्वसनाला प्राधान्य असते. त्याऐवजी हड-व्हॅश या माजी सैनिकांसाठीच्या भाडे-योजनेचे व्हाउचर हातात असलेल्यांकडे पाहा. गृहनिर्माण व नगरविकास खात्याचे व्हाउचर दरमहाचे भाडे भागवते, पण अनामत रकमेसाठी पैसे नसल्याने व्हाउचर घेऊन फिरणारे अनेकजण असतात. ती रक्कम एसएसव्हीएफमधून देता येते आणि त्यातून एक माणूस कायमच्या घरात जातो. जानेवारी २०२४ च्या देशव्यापी गणनेत बेघर माजी सैनिकांची संख्या ३२,८८२ होती, २०१० मध्ये ती ७४,००० च्या वर होती. माझ्या मते ही घट व्हाउचर, भाडेमदत आणि केस मॅनेजर हे तिन्ही एकाच माणसाशी जोडले गेल्यामुळे झाली आहे. तुमच्या शहरातील बेघर माजी सैनिकांची नावनिशीवार यादी घेऊन गृहनिर्माण प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांसोबत दर आठवड्याला बसत नसाल, तर तिथून सुरुवात करा.

पुणेरी लेखापाल यांचे उत्तर

अमेरिकी नियमांबद्दल मी काही सांगू शकणार नाही, परंतु प्रश्नकर्तीने उपयोगिता प्रमाणपत्रांचा उल्लेख केला म्हणून एक फरक नोंदवतो. आपल्याकडे हप्ता आधी खात्यात येतो आणि मग केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील जीएफआर १२-अ या नमुन्यात त्याचा विनियोग दाखवायचा असतो, त्यामुळे वर्षअखेरीस शिल्लक न राहू देण्याकडे कल होतो. तिकडे गरजेपुरता पैसा काढायचा असेल, तर ती जुनी सवय सोडावी लागेल. आपली मार्चअखेरीची घाई तिकडच्या वर्षअखेरीस नेऊ नका.

ओहायोवासी यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. बांधील खर्चाचा रकाना आज तयार करून पाहिला. सुदैवाने तूट कमी निघाली, तरी ती आहेच. टाइमशीटचे काम मात्र मोठे आहे, कारण दोन महिन्यांच्या नोंदी एचएमआयएसशी जुळत नाहीत. आता वर्षअखेरीचा विचार सुरू आहे. आमचे अनुदान वर्ष ३० सप्टेंबरला संपते. एखादा भाडेकरार सप्टेंबरमध्ये होऊन राहणे १ ऑक्टोबरपासून सुरू होत असेल आणि घरमालक अनामत रक्कम व पहिले भाडे दोन्ही सप्टेंबरमध्येच मागत असेल, तर ते कोणत्या वर्षात धरावे? शिल्लक दिसत असताना दोन्ही या वर्षात टाकावे, असे आमच्याकडे काहींचे म्हणणे आहे.

खतावणी यांचे उत्तर

ऑक्टोबरचे भाडे हा ऑक्टोबरचा खर्च आहे. धनादेश कोणत्या तारखेला लिहिला यावर ते ठरत नाही, म्हणून शिल्लक असली तरी ते पुढच्या वर्षातच जाईल. घरमालकाला एवढेच हवे असते की पैसे नक्की मिळतील. त्यासाठी संस्थेच्या पत्रावर भाड्याची हमी द्या आणि नव्या वर्षाचे पैसे उपलब्ध होताच धनादेश पाठवा. अनामत रकमेची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण करारावर सही होताना ती देणे लागते. तरीही रक्कम देण्यापूर्वी विभागीय समन्वयकाला भाडेकराराच्या तारखांसह ई-मेलने विचारा आणि आलेले उत्तर त्या कुटुंबाच्या फाइलमध्ये व धनादेशाच्या व्हाउचरला, दोन्हीकडे लावा. जुळत नसलेल्या दोन महिन्यांच्या टाइमशीटबद्दल एक सांगायचे राहिले: मागची तारीख घालून नवी टाइमशीट बनवू नका. मूळ कागद तसाच ठेवून त्यावर दुरुस्ती, आजची तारीख, कारण आणि कर्मचाऱ्याची व पर्यवेक्षकाची सही घ्या, आणि पगाराची फेरनोंद त्याच कागदावरून करा.