मदत हवी आहे : टॅपेट कव्हरचे पॅकिंग घरी बदलले, तरी एका कोपऱ्यातून ऑइल झिरपते आहे

गोडोलीकर :

नमस्कार. मी साताऱ्यात गोडोलीत राहतो. माझ्याकडे २०११ सालची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी असून ती आतापर्यंत ९२,००० किलोमीटर चालली आहे. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इतकी वर्षे इंजिनाच्या धगीत राहिलेले रबर कडक होणारच आणि त्यात कोणा कंपनीचा दोष आहे असे मला वाटत नाही. इंजिनाला टायमिंग चेन (व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवणारी साखळी) आहे, हेड (सिलिंडरांवरचा भाग) आणि त्यावरचे झाकण म्हणजे टॅपेट कव्हर दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत आणि चारही प्लगांवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉईल आहेत.

तक्रार पावसाळ्यानंतर सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो आणि कोठे पाच मिनिटे गाडी थांबवली, की ब्लोअरमधून जळक्या ऑइलचा वास आत येई. महामार्गाने कराडला जाऊन आलो तर मात्र वास नसे, म्हणून पहिले काही आठवडे मी पुढे गेलेल्या ट्रकांना दोष देत राहिलो. एका रविवारी बॉनेट उघडून नीट पाहिले, तेव्हा कव्हरच्या मॅनिफोल्डकडील (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांकडील) कडेवरून निघालेला काळा ओघळ एक्झॉस्टच्या पत्र्यापर्यंत पोहोचलेला दिसला. दोन महिन्यांत जवळजवळ अर्धा लिटर ऑइल वरून टाकावे लागले होते. तिसऱ्या प्लगची कॉईल काढली, तर तिच्या रबरी नळीच्या टोकाला ऑइल लागलेले होते आणि प्लगच्या खड्ड्यात बोटाच्या पेराएवढे ऑइल साचले होते. उभ्या गाडीत इंजिन मधूनच एक ठोका चुकवत असे, त्याचेही कारण बहुधा हेच असावे.

ऑइल, फिल्टर आणि प्लग मी आजवर स्वतःच बदलत आलो आहे. म्हणून हेही काम घरीच करावे असे ठरवले. बाहेरच्या कडेचे रबर, प्लगच्या नळ्यांभोवतीच्या चार रिंगा आणि बोल्टांखालचे रबरी वायसर असा पूर्ण संच ६२० रुपयांना आणला. इंजिन रात्रभर थंड होऊ दिले, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कॉईलचे कनेक्टर सोडवले (त्यांपैकी एकाची प्लास्टिकची कळ हातातच तुटली), प्लगच्या खड्ड्यातले ऑइल आधी चिंधीने टिपून घेतले आणि मग १० नंबरच्या गोटीने सगळे बोल्ट काढले. कव्हर लगेच सुटले नाही. रबरी हातोडीने कडेला हलके ठोकल्यावर सुटले. जुने रबर प्लास्टिकसारखे झाले होते आणि वाकवताच त्याचे तुकडे पडले.

खाचेतील घाण लाकडी चमच्याच्या टोकाने काढली, पेट्रोलच्या फडक्याने दोन्ही पृष्ठभाग पुसले, चेनच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांत कसलेसे राखाडी, रबरासारखे थर चिकटले होते तेही खरवडून काढले, नवे रबर खाचेत बसवले आणि कव्हर ठेवून बोल्ट आवळले. टॉर्क रेंच (ठरावीक जोरालाच आवळणारा पाना) माझ्याकडे नाही. गोटी पान्याने एका कडेपासून सुरुवात करून ओळीने दुसऱ्या कडेपर्यंत, हाताला घट्ट लागेपर्यंत आवळत गेलो. त्यातला मागच्या ओळीतला एक बोल्ट घट्ट होता होता जरा ढिला पडल्यासारखा वाटला, म्हणून तो तसाच सोडला.

या गोष्टीला आता आठ दिवस झाले. मॅनिफोल्डकडील ओघळ पूर्ण थांबला आहे, प्लगचे खड्डे कोरडे आहेत आणि इंजिनही ठोका चुकवत नाही. मात्र चेनच्या बाजूच्या एका कोपऱ्यातून ऑइल झिरपते आहे आणि सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग दिसतो. संच निकृष्ट असावा की माझ्या आवळण्यात चूक झाली? बोल्ट आणखी घट्ट केले तर थांबेल का? कव्हर पुन्हा काढावे लागले तर हेच नवे रबर वापरता येईल का, की पुन्हा ६२० रुपये? आणि तो ढिला वाटलेला बोल्ट किती गंभीर समजावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. ही सगळी कामे गॅरेजला देता येतात हे मला माहीत आहे, त्यामुळे तो सल्ला तूर्त नको.

कुपवाडचा फिटर :

गोडोलीकर साहेब, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच लेखनात आहे. चेनच्या बाजूच्या कोपऱ्यांतला जो राखाडी थर तुम्ही घाण समजून खरवडलात, तो कारखान्यातच लावलेला सिलिकॉन होता. त्या ठिकाणी हेड आणि चेन कव्हर हे दोन वेगळे ओतीव भाग एकमेकांना भिडतात आणि वरून तिसरे टॅपेट कव्हर बसते. दोन भागांच्या सांध्यावर केसाएवढी पायरी किंवा फट राहतेच. सपाट पृष्ठभागावर रबर आपले काम चोख करते, पण अशा तीन तुकड्यांच्या सांध्यात ते शिरू शकत नाही, म्हणून तेवढ्याच जागी सिलिकॉनचा ठिपका द्यावा लागतो. थर काढलात ते योग्यच केले, कारण जुन्यावर नवे धरत नाही. नवा लावायचा राहिला, इतकेच.

तरीही हात घालण्याआधी गळती नक्की तेथूनच आहे याची खात्री करावी, कारण ऑइल वरून खाली आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते आणि डाग जेथे दिसतो तेथून ते निघालेले असतेच असे नाही. तो भाग स्वच्छ धुऊन कोरडा करा, त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पोवई नाक्यापर्यंत एक फेरी मारून या. पावडरीत सर्वांत वर जेथे ओली रेघ उमटेल, ते मूळ. कॅम सेन्सरची (कॅमची स्थिती टिपणाऱ्या सेन्सरची) रबरी रिंग त्याच बाजूला असेल तर तीही पाहून घ्या. मी एकदा तीच रिंग सोडून आख्खे कव्हर दोनदा उघडले होते.

बोल्ट आणखी आवळू नका. हे ६ मिलिमीटरचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतात आणि बहुतेक गाड्यांत त्यांना ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच जोर सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावा. १० न्यूटन-मीटर म्हणजे १५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण साडेसहा-सात किलो वजन टांगल्याएवढा जोर, आणि आपण सवयीने सहज त्याच्या दुप्पट लावतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत या बोल्टांना खांदा असतो. तो खाली टेकला की रबर जेवढे दबायला हवे तेवढे दबलेले असते आणि पुढचा सगळा जोर आट्यांवर जातो.

मिरजकर :

फिटर साहेबांच्या म्हणण्याशी सहमत आहे, फक्त एक मुद्दा जोडतो. पॅकिंग जुने झाले म्हणून गळले हे खरे असले, तरी इंजिनाच्या आतला दाब वाढला असेल तर नवे पॅकिंगही फार दिवस तग धरत नाही. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस नेहमीच खाली उतरतो आणि तो ब्रीदरच्या व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेकमध्ये ओढला जातो. हा व्हॉल्व्ह काजळीने अडकला, की गॅसला वाट उरत नाही आणि तो सर्वांत कमजोर सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. तुमची मुख्य तक्रार घाट चढल्यावर दिसत होती, आणि चढावर, जास्त लोडवर, हा गॅस वाढतो. म्हणून माझा संशय बळावतो.

पाहण्याची रीत सोपी आहे. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा. आत खुळखुळ वाजले पाहिजे. तो पाइपाला जोडलेला ठेवून इंजिन सुरू केल्यावर त्याच्या मोकळ्या तोंडावर बोट धरले, तर ओढ जाणवली पाहिजे. ऑइल भरण्याचे झाकण काढून तोंडावर पातळ पॉलिथीन धरले आणि ते फुग्यासारखे वर फुगले, तर आतला दाब बाहेर पडायला जागा शोधतो आहे असे समजावे. अनेक गाड्यांत हा व्हॉल्व्ह वेगळा मिळतो, काही गाड्यांत मात्र तो कव्हरमध्येच घडवलेला असतो.

शाहूपुरीतला एक :

एवढे कशाला, साहेब? माझ्या ओळखीचे मिस्त्री सगळ्या कडेने सिलिकॉन फासतात आणि बोल्ट आवळून मोकळे होतात. चार वर्षे थेंब पडलेला नाही.

कुपवाडचा फिटर :

थेंब पडला नसेल, पण तसे करू नये असेच मी सांगेन. रबराचे पॅकिंग खाचेत कोरडे बसण्यासाठी घडवलेले असते. संपूर्ण कडेला सिलिकॉन फासले की ते निसटते आणि आवळताना आतल्या बाजूला मणी तयार होतात. हे मणी सुटून ऑइलमध्ये पडतात आणि फिरत फिरत चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यातल्या) ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात. पूर्वी कॉर्कच्या पॅकिंगला शेलॅक लावत, ती सवय रबरावर तशीच चालत आली आहे.

गोडोलीकर साहेब, आता कामाचे. रबर नवे आहे, फाटले किंवा दबून चपटे झाले नसेल तर पुन्हा वापरायला हरकत नाही. दोन्ही पृष्ठभाग पेट्रोलऐवजी ब्रेक क्लीनरने पुसा. तो उडून जातो आणि तेलकट थर मागे ठेवत नाही. बंद पार्किंगमध्ये पेट्रोलचे फडके फिरवणे मला तसेही पसंत नाही. पॉलिश पेपर ॲल्युमिनियमवर अजिबात घासू नका, त्याची पूड कॅमच्या बेअरिंगांत जाते. सिलिकॉन इंजिनासाठीचे, ऑइल आणि उष्णता सोसणारे घ्या. काचेला लावायचे, व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन येथे चालत नाही. दोन सांध्यांवर प्रत्येकी ३ मिलिमीटरचा ठिपका द्या, ट्यूबवर लिहिलेल्या वेळेत कव्हर सरळ वरून ठेवा, सरकवू नका. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा, मग मधल्या बोल्टांपासून बाहेर गोल गोल जात दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एका टोकापासून ओळीने गेलात तर कव्हर कलते आणि दूरचा कोपरा उचलला जातो. तुमच्या गळतीत त्याचाही वाटा असू शकेल. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. निदान रात्रभर, शक्य तर २४ तास इंजिन सुरू करू नका.

ढिल्या बोल्टाबद्दल : तो नुसता फिरत राहिला तर आटे गेले, आणि मग तेथे आट्यांची स्प्रिंग बसवून घ्यावी लागेल. ते काम घरी करू नये, कारण ड्रिलचा कीस थेट इंजिनात पडतो. लहान टॉर्क रेंच कोणाकडून तरी मागून आणा. ८ वर तो टिक् करून थांबला, तर बोल्ट ठीक आहे.

गोडोलीकर :

फिटरकाका आणि मिरजकर, दोघांचेही मनापासून आभार. पावडरीचा प्रयोग केला. ओली रेघ अगदी चेन कव्हरच्या सांध्यावरून सुरू झालेली दिसली, कॅम सेन्सर कोरडा होता. ब्रीदरचा व्हॉल्व्ह काढून हलवला तर मुका. कार्बोरेटर क्लीनरने धुतल्यावर जरासा वाजला, पण भरवसा वाटेना, म्हणून नवा आणून लावला. जुना असताना पॉलिथीन वर फुगले होते, नव्यानंतर ते किंचित आत ओढले गेले. माझ्या मते पहिल्या गळतीचे अर्धे कारण हेच होते, आणि पॅकिंगच्या नादात मी तिकडे पाहिलेही नव्हते.

शनिवारी सकाळी कव्हर पुन्हा उघडले. रबर शाबूत होते, तेच वापरले. मित्राच्या टॉर्क रेंचने ८ न्यूटन-मीटरला सगळे बोल्ट आवळले आणि मागच्या ओळीतला तो बोल्टही टिक् झाला, त्यामुळे तो खांद्यावर टेकल्याची जाणीवच मला ढिली वाटली असावी. या खेपेला मधल्या बोल्टांपासून बाहेर आवळत गेलो. रविवारी सकाळी इंजिन सुरू करून वीस मिनिटे उभ्या गाडीत चालू ठेवले, टॉर्चने सगळी कड पाहिली आणि मग यवतेश्वरच्या वर जाऊन आलो. वाटेत थोडा वास आला, तो एक्झॉस्टच्या पत्र्यावर उरलेल्या जुन्या ऑइलचा निघाला आणि परतीच्या वाटेवर नाहीसा झाला.

आज पाचवा दिवस आहे, फरशी कोरडी आहे आणि डिपस्टिकवरची रेघ होती तेथेच आहे. ठोसेघरला जाऊन येणार आहे, त्यानंतर कोपरा पुन्हा एकदा टॉर्चने पाहून येथे लिहीन. कॉईलच्या कनेक्टरची तुटलेली कळ तूर्त नायलॉनच्या पट्टीने बांधली आहे. तो कनेक्टर सुटा मिळतो का, की सगळी वायरिंग घ्यावी लागते, हे कोणाला माहीत असल्यास सांगावे.