मदत हवी आहे: गायगर काउंटरचा काउंट जानेवारीत जास्त, जुलैत कमी. सूर्यामुळे की दमट हवेमुळे?

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीतल्या एका मुलीने आणि मी मिळून गेलं वर्षभर गायगर काउंटर (किरणोत्सारी कण मोजणारं यंत्र) सतत चालू ठेवला. नळी एसबीएम-२०, आणि तिच्याभोवती कृषी सेवा केंद्रातून आणलेलं लाल पोटॅश खत, ५०० ग्रॅम, कापडी पिशवीत. त्यातलं किरणोत्सारी पोटॅशियम-४० हाच आमचा स्रोत. त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं, त्यामुळे वर्षभरात काउंट हलायचं काहीच कारण नाही.

तरी हलला. जानेवारीची सरासरी मिनिटाला ४१.३, जुलैची ४०.६. महिन्याला अठरा लाखांच्या आसपास काउंट जमतात, म्हणजे महिन्याच्या सरासरीत नुसत्या योगायोगाने पडणारा फरक ०.०७ टक्क्यांच्या जवळपास. आमचा फरक पावणेदोन टक्के आहे.

मुलीने पर्ड्यू विद्यापीठातल्या जेंकिन्स आणि फिशबाख यांचं काम शोधून काढलं. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या सिलिकॉन-३२च्या आणि जर्मनीतल्या पीटीबी या मापनसंस्थेच्या रेडियम-२२६च्या क्षयाच्या जुन्या नोंदींत त्यांना वर्षाची लय दिसली, ०.१ टक्क्याच्या घरातली. ती त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराशी जोडली, कदाचित सूर्यातून येणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांमुळे असेल म्हणून. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैत १५.२१ कोटींवर. आमचा आलेखही तसाच वरखाली होतो. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर तिला "सूर्याचा परिणाम" असं लिहायचं आहे.

मला ते पटत नाही, पण तिला नुसतं "नाही" म्हणून गप्प बसवायचं नाही. कोकणात जुलै म्हणजे भिंतींना ओल. सूर्य लांब आणि हवा दमट, दोन्ही एकाच महिन्यात. हे दोन वेगळे कसे करू? खर्च हजार-दोन हजारांच्या आत हवा.

(कृपया कार्बन-१४चं उदाहरण देऊ नका. इ.स. ७७४-७७५ मध्ये त्याचं प्रमाण वाढलं, कारण ते वातावरणात जास्त तयार झालं. त्याच्या क्षयाचा वेग तोच होता.)

प्रतिसाद १

सर, आधी पोटॅशचं वजन करा! पोटॅश पावसाळ्यात पाणी धरतं. तुमची नळी पोटॅशमधून मुख्यतः बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) मोजते, आणि ओल्या खड्यांतून ते कमी बाहेर येतात.

सूर्याच्या अंतराबद्दल तिला कॅसिनी या अंतराळयानाचं उदाहरण द्या. त्यावर प्लुटोनियम-२३८वर चालणारे वीजस्रोत होते. यान शुक्राजवळून पुढे शनीकडे गेलं, सूर्यापासूनचं अंतर कितीतरी पटींनी बदललं, पण प्लुटोनियमच्या क्षयाचा वेग अंतरासोबत बदलल्याची खूण विजेच्या नोंदींत दिसली नाही. १९८७च्या अतिनवताऱ्याचा (स्फोट झालेल्या ताऱ्याचा) उजेडही कोबाल्ट-५६च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याच्या चालीनेच मंदावला, तेही इथून सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर.

प्रतिसाद २

क्षयाचा वेग कधीच बदलत नाही, असं मात्र तिला शिकवू नका. १९९६च्या सुमारास जर्मनीतल्या डार्मश्टाटला रेनियम-१८७च्या अणूंचे सगळे इलेक्ट्रॉन काढून टाकले, तेव्हा ४,००० कोटी वर्षांहून मोठं अर्धायुष्य ३३ वर्षांवर आलं. पण ते करायला अणू पार सोलून काढावा लागतो.

तुमच्यासाठी उपाय: दुसरी तशीच नळी त्याच खोलीत, पोटॅशशिवाय, म्हणजे आसपासच्या किरणांचा काउंट वेगळा कळेल. जोरदार पावसाच्या सरीनंतरचे दोन-तीन तास दोन्हींतून वगळा, कारण पाऊस हवेतल्या रेडॉन वायूची पिल्लं (त्याच्या क्षयातून बनलेले किरणोत्सारी अणू) खाली आणतो आणि काउंट चढतो. हवेचा दाबही रोज लिहा. दाब वाढला की वैश्विक किरणांमुळे तयार होणारे म्यूऑन नावाचे कण कमी येतात.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आज प्रयोगशाळेतल्या तराजूवर पिशवी ठेवली. ५०९ ग्रॅम. मुलगी बराच वेळ आकड्याकडे बघत होती, मग म्हणाली, "सर, कोरडं करून डब्यात मेण लावून बंद करूया आणि पुन्हा मोजूया." उद्या पोटॅश तव्यावर भाजतोय. दुसरी नळी मागवली आहे. जानेवारीत आकडे इथेच टाकेन.