लेक सिम्कोवर पर्च दिसतात, पण तोंड लावत नाहीत

ब्रॅम्प्टनकर

मंडळी, ओंटारिओत बर्फावर मासे धरणारं कुणी आहे का इथे? लहानपण वारणेकाठी गेलं. चिलापी, मरळ गळाने भरपूर धरलेत, पण बर्फाला भोक पाडून बसायचा हा पहिलाच हिवाळा. मित्राबरोबर लेक सिम्कोच्या कुक्स बेवर जातो, केझविक गावाच्या बाजूने. पाणी साधारण 5 मीटर खोल. जानेवारीत पिवळे पर्च धडाधड लागले. आता फेब्रुवारी सरत आलाय, तर फिश फाइंडरवर (पाण्यातले मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) मासे येताना दिसतात, आमिषाशी थांबतात आणि निघून जातात. मिनो म्हणजे आमिषाचा छोटा मासा लावून झाला, मोठा चकचकीत स्पून (धातूचं नकली आमिष) नाचवून झाला. शेजारच्या तंबूतले आजोबा मात्र एकामागून एक काढतात आणि विचारलं की नुसते हसतात. काय बदलू?

बॅरीची मालवणी

आजोबा सांगणार नाहीतच. आमच्या कर्लीच्या खाडीतही गरवायला बसलेला माणूस आपलं आमिष कुणाला दाखवायचा नाही!

तुला मासे दिसतायत हे लक्षात घे. पडदा रिकामा असता तर सामान उचलून पुढे चल म्हटलं असतं. मासा येतो, बघतो आणि जातो, म्हणजे जागा ठीक आहे, वाढप चुकतंय. पाणी इतकं गार असलं की पर्चचं पचनही मंदावतं. या दिवसांत तो चिखलातल्या बारीक लाल अळ्यांवर वेळ काढतो. त्याच्यापुढे मोठा मिनो म्हणजे पंगतीतून उठलेल्या माणसाच्या पानात पुन्हा बुंदीचा लाडू. शिवाय पर्च डोळ्यांनी शिकार करतो. पाणी स्वच्छ, मासा निवांत, त्यामुळे जाडी दोरी त्याला व्यवस्थित दिसते.

म्हणून दोरी 2 ते 3 पौंड ताण सोसणारी, पाण्यात कमी दिसणारी फ्लुओरोकार्बनची घे. जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, टंगस्टनचा, 3 किंवा 4 मिलिमीटरचा. टंगस्टन शिशापेक्षा जड, त्यामुळे एवढासा असूनही दोरी ताठ ठेवतो. त्यावर एक किंवा दोन मॅगट (माशीच्या अळ्या), जास्त नकोत. बेट शॉपमध्ये स्पाइक म्हणून मागितलेस तरी हेच देतील.

आता खरी गंमत. जिग तळाला टेकू दे, दोन-तीनदा आपट. चिखलाचा धुरळा उडाला की अळी हलली असं वाटून मासा वळतो. मग वीतभर वर घे आणि थांब. हात शिवशिवतो, ठाऊक आहे, तरी थांब. पडद्यावर मासा जवळ आला की नाचवायचं तर अजिबात नाही, अगदी सावकाश वर उचलत जा. तो मागोमाग वर आला तर बहुतेक वेळा खातोच. आणि झटक्याची वाट बघू नकोस. सुस्त पर्च आमिष तोंडात घेऊन किंचित वर उचलतो, दोरी सैल पडते एवढंच. रॉडच्या टोकाला बारीक स्प्रिंग लाव, ती वर सरकली की ओढ.

स्पून फेकून देऊ नकोस हं. बर्फावर माणशी दोन दोऱ्या चालतात. एका भोकात स्वीडिश पिंपलसारखा स्पून नाचव, हातभर अंतरावरच्या दुसऱ्या भोकात बारीक जिग स्थिर सोड. गलबला ऐकून, चमक बघून येतात, खातात मात्र शेजारचं. तुझे आजोबा हेच करत असतील असा माझा संशय.

आणखी एक. गळाला कुजलेलं तपकिरी शेवाळ लागत असेल तर तिथून हल. बर्फाखाली वनस्पती कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. हिरवं अडकलं तर त्याच पट्ट्याच्या कडेने खोल पाण्याकडे ओळीने भोकं पाड. आधी सगळी पाडून घे, नंतर ऑगरचा, म्हणजे भोक पाडायच्या गिरमिटाचा, खडखडाट नको.

विंडसरवाला

बॅरीताई, पटलं. आम्ही लेक एरीवर उन्हाळ्यात होडीतून धरतो. तिथे सुस्तीचं कारण वेगळं. उन्हाळा सरताना मधल्या खोऱ्यात तळाच्या थरातला प्राणवायू संपत येतो, मग तळाला आमिष टाकून बसलात तर बसलात! मासा त्या थराच्या वर किंवा कडेला सरकलेला असतो, म्हणून आधी मधल्या पाण्यात शोधायचा. फक्त फिश फाइंडरचं एवढं वेड मला कळत नाही. बोटावर दोरी ठेवून बसलं की सगळं समजतं.

बॅरीची मालवणी

तुमच्या होडीत समजत असेल, दादा. उणे पंधरात हातमोजा काढून बोटावर दोरी ठेवून दाखवा.

ब्रॅम्प्टनकर

धन्यवाद! ताई, पहाटे अंधारात पोहोचलं तर फायदा आहे का? आणि एका भोकात सगळी बोटाएवढी पिल्लंच येतात, त्याचं काय?

बॅरीची मालवणी

पर्च दिवसा खाणारा मासा, रात्री तळाशी पडून असतो. झोप मोडायची गरज नाही, उजाडताना पोहोचलास तरी पुरे. दुपारी तीननंतरचा वेळ मात्र सोडू नकोस, पुष्कळ लोक तेव्हाच गाशा गुंडाळतात.

पर्च आपल्या मापाच्या थव्यात फिरतो. पिल्लं लागली की तिथे मोठ्याची आशा धरू नकोस, पुढच्या भोकाकडे जा. आमच्या केंपनफेल्ट बेवर आलास तर पाणी बरंच खोल आहे. खोलातून भरभर ओढलेल्या पर्चचं पोट फुगतं, सोडला तरी वाचेलच असं नाही. पिल्लंच लागत असतील तर तिथे गरवत राहू नये, हे माझं मत.

शेवटाचा बर्फ जपून. पायी चालायला स्वच्छ, काळपट बर्फ निदान 10 सेंटिमीटर हवा, पांढरा असेल तर दुप्पट. कुठलाही असो, पुढे पाऊल टाकताना जाडी मोजत जायचं.

पर्चची मर्यादा स्पोर्ट लायसन्सवर 50, कमी मर्यादेच्या कॉन्झर्वेशन लायसन्सवर 25. तिथेच साफ करणार असशील तर प्रत्येक तुकड्यावर कातडीचा मोठा पट्टा राहू दे, अधिकाऱ्याला मासा ओळखता आला पाहिजे. घरी आल्यावर कातडी काढ, आगळ-हळद-मीठ, वरून मालवणी मसाला, आणि रवा लावून तव्यावर. मांस गोडसर आणि पातळ असतं, दोन्ही बाजूंनी मिळून चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नकोस. उरलेल्या मिनोंची बादली तळ्यात किंवा काठावर ओतू नकोस, दंड आहे.