सात महिन्यांचा बिअर्डेड ड्रॅगन सुस्त, बोटं थरथरतात. थंडीमुळे का?

मेघना_मेलबर्न
नमस्कार. लेकीचा बिअर्डी, नाव खंडू. जून लागल्यापासून, म्हणजे इथला हिवाळा सुरू झाल्यापासून, लाकडाखाली पडून असतो, रातकिडे समोर सोडले तरी नुसता बघतो. कालपासून पुढच्या पायांची बोटं मध्येच थरथरतात. दुकानदार म्हणाला, थंडीत हे सरडे झोपतात, काळजी नको. पेटी खिडकीशी आहे, ऊन भरपूर येतं. खायला पालक आणि रातकिडे. थांबून बघू का?

ॲडलेडचा_अण्णा
आमची तीन वर्षांची मादी दर हिवाळ्यात झोपते. वजन जवळजवळ तेवढंच राहतं. पण बोटं कधी थरथरली नाहीत हो.

सरडेप्रेमी_नीलिमा
मेघना, अजिबात थांबू नकोस. उद्या सकाळीच सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या व्हेटला फोन कर आणि थरथरीचं आधी सांग. पहिल्या वर्षातलं पिल्लू सहसा हिवाळी झोपेत जात नाही, आणि झोपेत बोटं अशी उडत नाहीत.

खिडकीच्या काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काच जवळजवळ सगळे अडवते. ते नसले की कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. शरीर ते हाडांतून ओढून घेतं. तेही पुरेनासं झालं की रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि स्नायू थरथरायला लागतात. पुढे जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, झटकेही येतात. त्यात पालक! त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. केल, बॉक चॉय, लाल भोपळा दे. रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लाव.

तोवर चढायच्या फांद्या काढ, हाड पटकन मोडतं. उचलताना पोटाखाली पूर्ण हात हवा. शेकायची जागा ४० अंशांच्या आसपास ठेव. ड-३ चे थेंब मनाने देऊ नकोस, जास्त झाले तर मूत्रपिंडं बिघडतात. पेटीत यूव्हीबीची ट्यूब आहे का? असली तर कधी लावली? उजेड दिसत राहतो, यूव्हीबी मात्र आधीच उतरतं. बनावटीप्रमाणे सहा ते बारा महिन्यांत बदलावीच लागते.

मेघना_मेलबर्न
ट्यूब नव्हतीच, नुसता उबेचा दिवा. आज एक्स-रे झाला. हाडं विरळ आहेत, मोडलेलं काही नाही. तोंडावाटे कॅल्शियम सुरू केलंय, ट्यूबही आणली. लेक त्याच्याजवळून हलत नाही. बरा होईल ना गं?

सरडेप्रेमी_नीलिमा
वेळेत गेलीस, मला खूप बरं वाटलं! थरथर आधी थांबते, भूक मग येते. हाड भरायला महिने लागतात. कॅल्शियम मध्येच बंद करू नकोस. जाळी बरंच यूव्हीबी खाते, म्हणून ट्यूब जाळीच्या आत बसव, अंतर पाकिटावर असतं ते पाळ. पुढच्या खेपेला ताजी विष्ठा डबीत घेऊन जा. या वयात कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी खूप सापडतो आणि त्यानेही खाणं सुटतं.